चौतीस बरोबर

रमोनाने टर्कीचा पिसारा काठीला दोरीने आवळून बांधला आणि ती काठी सीडरच्या झुडपामागे जमिनीत खुपसली. तिथून ती पावलं मोजत अग्निशमन केंद्राच्या मागच्या भिंतीपर्यंत आली. चाळीस. वळून पाहिलं, तर वाऱ्याने पिसाऱ्याची वरची किनार थरथरत होती आणि क्षणभर तिलासुद्धा तिथे पक्षी दिसला. तिला त्या क्षणाचा राग आला.

मार्च महिन्यातला शेवटचा शनिवार होता. टर्कीच्या शिकारीचा मोसम सुरू व्हायला तीन आठवडे होते. त्याआधी काउंटीतल्या मुलांना बंदुकीच्या सुरक्षिततेचा वर्ग करावा लागे, परीक्षा द्यावी लागे, आणि मग शिक्षकाच्या सहीचं कार्ड मिळे. कार्डाशिवाय परवाना नाही. एकतीस वर्षं त्या कार्डांवर आर्लिस टॅकेटची सही होती. तो गावोगावचं टपाल वाटायचा आणि वर्षातून दोन शनिवार हा वर्ग घ्यायचा. मागच्या एप्रिलमध्ये एका ओकच्या बुंध्याला टेकून बसलेला असताना त्याला दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी लागली. छातीत आणि गळ्यात मिळून साठाच्या वर छर्रे होते. रमोना त्याची एकुलती एक मुलगी. शहरातल्या एका शाळेत ती ग्रंथपाल होती. बाविसाव्या वर्षी डॅडींच्या आग्रहाखातर तिने शिक्षकाचं प्रमाणपत्र घेतलं होतं, आणि आता काउंटीच्या यादीत तेवढं एकच नाव उरलं होतं.

लाइल प्रुएटची गाडी खडी चिरडत आली. वन्यजीव अधिकारी म्हणून त्याला सव्वीस वर्षं झाली होती, आणि त्यातली बरीचशी त्याने आर्लिसच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत काढली होती. तो दोन पेले घेऊन उतरला आणि त्यातला एक त्याने तिच्यापुढे धरला.

"लवकर आलीस, पोरी."

"मांडामांड करायची होती. चौदा मुलं आहेत ना?"

"पंधरा जण." लाइल पिसाऱ्याकडे पाहत राहिला. "कालच नाव आलं. मी तुला फोन करणार होतो."

"कोण?"

"गॅरेट मॅशबर्न."

रमोनाने कॉफीचा पेला न पिता गाडीच्या टपावर ठेवला.

"न्यायाधीशांचा हुकूम आहे," लाइल म्हणाला. "दोन मोसम बंदी, अन् वर्ग पुन्हा करायचा. महिनाअखेरपर्यंत मुदत. शेजारच्या काउंटीतला वर्ग मेमध्ये आहे, नाहीतर मी त्याला तिकडंच पाठवला असता."

"दोन मोसम म्हणजे किती हो, लाइल? तीन आठवड्यांचा एक. सहा आठवडे झाले." ती शांतपणे बोलत होती. "एवढ्या दिवसांत मोडलेला हातसुद्धा नीट जुळत नाही."

लाइलने आपल्या पेल्यातला एक घोट घेतला.

"माझी तीन पत्रं पोचली ना?"

"पोचली."

"मग ते वाक्य अजून तसंच का आहे?"

लाइलने अपघातावर लिहिलेल्या अहवालात ते वाक्य होतं. 'मृत व्यक्तीने आपण तिथे असल्याचे तोंडाने कळवले नाही.' त्याखाली एक चौकट होती, मृताच्या वागण्याचा घटनेला हातभार लागला का, आणि तिच्यात बरोबरची खूण होती. ह्या खुणेमुळे आर्लिसच्या अंत्यविधीला बायका रमोनाचा हात हातात घेऊन म्हणाल्या होत्या की निदान आवडीचं काम करता करता गेला. ह्याच खुणेमुळे खत-बियाण्यांच्या दुकानात कुणी म्हणालं होतं की म्हाताऱ्याला डुलकी लागली असणार, आणि तिच्यामागे रांगेत उभा असलेला माणूस 'असंच असणार' म्हणाला होता.

"पोरी, मी आर्लिसला तुझ्या आईच्याही आधीपासून ओळखतो," लाइल म्हणाला. "त्यानं आवाज दिला असता, तर हा प्रकार घडलाच नसता. अख्ख्या काउंटीला त्यानंच शिकवलंय ते."

"म्हणून तुम्ही तसं लिहिलंत."

"म्हणून नाही. पोराच्या जबाबात आहे तसं."

"तिथं दोघंच होते. एकाचा जबाब तुम्ही घेतलात."

पहिली गाडी आवारात वळली. मागच्या सीटवरून दोन मुलगे भांडतच उतरले. रमोनाने पेला उचलला आणि ती आत गेली.

*

केंद्राच्या सभागृहात लहान मुलांच्या शाळेतून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. गॅरेट मॅशबर्न शेवटच्या रांगेत बसला होता. चौतिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. छपरं घालायचं काम करायचा. खुर्ची एवढी बुटकी होती की त्याचे गुडघे छातीपाशी आले होते. टोपी त्याने काढून मांडीवर ठेवली होती. मुलांनी त्याच्या आजूबाजूच्या तीन खुर्च्या मोकळ्या सोडल्या होत्या. त्यांना घरी सांगितलेलं असणार.

रमोनाने हजेरी घेतली. पंधरावं नाव तिने बाकीच्या नावांच्याच आवाजात वाचलं.

"हजर, मॅडम."

ती फळ्याकडे वळली. नर टर्कीचं चित्र टांगून तिने विचारलं, "याच्या डोक्यावर कुठले रंग दिसतात?"

"लाल."

"पांढरा."

"निळा. मिस रमोना, हा तर आपला झेंडाच की." हा वेस्टन होता, भांडत उतरलेल्या दोघांतला थोरला.

"हो. म्हणून जंगलात झेंडा घालून देशभक्ती करायची नाही. लाल टोपी नाही, पांढरे मोजे नाहीत, निळा रुमाल नाही. खिशातसुद्धा नाही."

"आतली चड्डी चालेल का?" वेस्टनचा धाकटा भाऊ पुटपुटला आणि सगळी रांग खिदळली.

"तुला उघड्यावर बसायची वेळ येणारच नसेल तर चालेल."

हे उत्तर डॅडींचं होतं. दरवर्षी कुणीतरी तोच प्रश्न विचारायचं आणि दरवर्षी ते हेच उत्तर द्यायचे. हशा ओसरेपर्यंत रमोनाने टाचणीने चित्राचा कोपरा पुन्हा पुन्हा दाबला. डॅडींचे कपडे तिला कागदी पिशवीत परत मिळाले होते. तिने ते एकेक करून जेवणाच्या टेबलावर मांडले होते. तपकिरी, हिरवा, करडा. मोज्यांच्या वरच्या कडेला कारखान्यात घातलेला लाल दोरा असतो, तोसुद्धा त्यांनी सुईने उसवून काढलेला होता. आणि गॅरेटच्या जबाबात लिहिलं होतं, 'मला लाल दिसले.'

मग पुस्तकातलं छत्तिसावं पान. दुसरा शिकारी आपल्या दिशेने येताना दिसला तर काय करायचं. हलायचं नाही. हात हलवायचा नाही. टर्कीचा आवाज काढायचा नाही. स्पष्ट, माणसाच्या आवाजात बोलायचं. डॅडी प्रत्येक मुलाला उभं करून ते म्हणून घेत. ओरडायचं नाही, किंचाळायचं नाही, नेहमीसारखं बोलायचं. 'इकडं माणूस आहे.' पंचवीस-तीस वर्षांची माणसं टपाल कचेरीत आर्लिसला पाहून थट्टेने म्हणायची, 'इकडं माणूस आहे हं, मिस्टर आर्लिस.' आणि तो टोपीला हात लावायचा.

चौदा मुलांनी उभं राहून ते म्हटलं. कुणी लाजत, कुणी नाटकातल्यासारखं. गॅरेटची पाळी आली तेव्हा तो उठला, त्याने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"बस," रमोना म्हणाली. "पुढचं पान."

*

साडेदहाला तिने सगळ्यांना मागच्या आवारात नेलं. प्रत्येकाने लाकडी बंदूक घेऊन भिंतीपाशी उभं राहायचं, सीडरच्या झुडपाकडे बघायचं आणि 'मारतो' किंवा 'थांबतो' म्हणायचं.

"पिसाऱ्यामागं लपून सरपटत जाणारे शिकारी असतात," तिने सांगितलं. "पुढं पिसारा धरतात, मागं पोटावर सरपटतात. नराला वाटतं दुसरा नर आला. तो भांडायला धावून येतो. सोपी शिकार. पण पिसारा नुसत्या नरालाच दिसतो असं नाही."

वेस्टन सर्वांत आधी पुढे झाला. "मारतो."

"कशाला मारलंस?"

"टर्कीला."

"जाऊन घेऊन ये तुझी टर्की."

तो धावत गेला आणि झुडपामागे वाकला. पिसाऱ्याच्या मागे डॅडींची जुनी फळी उभी होती. तिच्यावर त्यांनी तैलरंगाने दोन शब्द रंगवले होते. वेस्टन फळी हातात घेऊन परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. 'तुझा मामा.' मुलं पोट धरून हसली. भाऊ म्हणाला, "मामा गेला रे वेस्टन, आता आईला तूच सांग."

डेलानी नावाची बारा वर्षांची मुलगी बराच वेळ बंदूक न उचलता बघत राहिली. "मला नुसता पिसारा दिसतोय," ती शेवटी म्हणाली. "डोकं दिसत नाही, पाय दिसत नाहीत, छातीवरची दाढी दिसत नाही."

"मग?"

"मग मी थांबते."

"तो उडून गेला तर?"

"मग गेला."

रमोनाने मान हलवली आणि वहीत खूण केली.

गॅरेट शेवटी आला. त्याने लाकडी बंदूक घेतली, पण ती कमरेच्या वर गेली नाही. "थांबतो," तो जमिनीकडे पाहत म्हणाला.

"बघितलंस का?"

"नाही, मॅडम."

"मग कशावरून थांबतोस? आधी बघ."

त्याने मान वर केली. हवेत गारठा होता, तरी त्याच्या मानेवर घामाची रेघ होती. तो इतका वेळ बघत राहिला की मुलांची चुळबुळ सुरू झाली.

"दिसत नाही," तो म्हणाला.

"काय दिसत नाही?"

"लाल. लाल कुठंच दिसत नाही, मॅडम."

मुलांना त्यात काही विशेष वाटलं नाही. रमोनाने त्याच्या हातातून लाकडी बंदूक काढून घेतली आणि सगळ्यांना आत चला म्हटलं.

*

परीक्षेत पस्तीस प्रश्न होते. अठ्ठावीस बरोबर आले की पास. पाऊण तासाने चर्चमधल्या बायकांनी हॅमचे सँडविच आणि गोड चहाचे जग आणून ठेवले, मुलं तिकडे पळाली, आणि रमोना एकटी बसून उत्तरपत्रिका तपासू लागली. डेलानीचे पस्तीस. वेस्टनचे एकोणतीस. सगळ्यांत धाकट्या मुलाने 'मासे धरायचा गळ' असं भलतंच उत्तर एका ठिकाणी लिहून ठेवलं होतं, तरी तो तिसावर होता.

शेवटची पत्रिका स्वच्छ होती. खाडाखोड नाही, अक्षर मोठं आणि सावकाश काढलेलं. एकोणिसाव्या प्रश्नापुढचे चारही गोल कोरे होते. बाकी चौतीस बरोबर.

एकोणिसावा प्रश्न तिला न बघताही माहीत होता. तुम्ही झाडाला टेकून बसला आहात, दुसरा शिकारी तुमच्याकडे येत आहे. तुम्ही काय कराल? वेस्टनचासुद्धा तो बरोबर होता.

ती पत्रिका घेऊन बाजूच्या गाळ्यात गेली. गॅरेट अग्निशमनाच्या गाडीच्या पायरीवर बसला होता. शेजारी सँडविच कागदात तसंच गुंडाळलेलं होतं.

"हा एक राहिला," ती म्हणाली.

"राहिला नाही, मॅडम. सोडला."

"उत्तर येत नाही?"

"पुस्तकातलं येतं."

रमोना उभीच राहिली. सभागृहातून मुलांचा कालवा ऐकू येत होता. कुणीतरी कुणाच्या तरी चहात बटाट्याचा काप टाकला होता.

"त्यांनी आवाज दिला होता," गॅरेट म्हणाला.

तिने पत्रिकेची घडी घातली. मग ती उलगडली आणि पुन्हा त्याच रेषेवर घातली.

"काय म्हणाले?"

"मॅडम, मी..."

"शब्द सांग. जसेच्या तसे."

"'मॉर्निंग, बाळा. इकडं माणूस आहे.'" तो टोपीच्या कडेवरून अंगठा फिरवत होता. "ओरडले नाहीत. दुकानात भेटल्यावर बोलतात ना, तसं. इथं शिकवायचे तसं."

अकरा महिने ती ह्या शब्दांच्या शोधात होती. ते असतील की नसतील हेही ठाऊक नसताना. ते ह्या माणसाजवळ होते. छपरावर खिळे ठोकताना, जेवताना, झोपताना ते त्याच्याजवळच होते.

"मग तू चाप ओढलास."

"मी पिसाऱ्यामागं होतो. पोटावर. मिस्टर आर्लिस मादीची हाक काढत होते, पाटीवर काडी घासून, अन् मला वाटलं खरी मादी आहे, म्हणजे नरही तिथंच असणार. ओकच्या बुंध्याशी काहीतरी काळं हललं, हाक थांबली. अन् तेवढ्यात कुणीतरी बोललं. मला वाटलं, आवाज मागून आला. दरीत आवाज फिरतो, मॅडम. मला वाटलं, कुंपणापलीकडचं कुणीतरी मुद्दाम बोलतंय. पक्षी उडवायला. मला मिळू नये म्हणून. करतात लोक तसं, मीही केलंय एकदा." तो थांबला. "वाटलं, आता उडेल. म्हणून घाई केली."

"म्हणजे आवाज ऐकला म्हणून."

"हो, मॅडम."

"ऐकला नसतास तर?"

"तर मी आणखी थोडा वेळ बघत राहिलो असतो बहुतेक."

रमोनाने गाडीच्या दांडीला धरलं. लोखंड थंडगार होतं. बोलली तेव्हा तिचा आवाज मघासारखाच खालच्या पट्टीत होता.

"त्यांनाही पिसाराच दिसत होता, गॅरेट. हलणारा. त्यांच्याही मांडीवर बंदूक होती. त्यांनी बघितलं, पिसाऱ्यामागं माणूस आहे हे ओळखलं, वयानं लहान आहे हेसुद्धा ओळखलं, अन् बंदूक तशीच ठेवून तुला मॉर्निंग म्हटलं. ते तुझ्यासारखे असते तर आज पत्रं तुझ्या आईनं लिहिली असती."

"मला ठाऊक आहे ते."

"तुला अकरा महिने ठाऊक आहे. अन् मी अकरा महिने ऐकतेय की म्हाताऱ्याला डुलकी लागली."

"लाइलनी विचारलं तेव्हा मी तिथं गवतात बसलो होतो. त्यांनी विचारलं, 'आर्लिसनी आवाज दिला नव्हता ना?' मी म्हटलं, नाही." गॅरेटने पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. "तसंच विचारलं त्यांनी. 'ना' लावून. खोटं मीच बोललो, मॅडम, त्यांच्यावर ढकलत नाही. पण दार उघडं होतं, मी आत शिरलो."

गाळ्याच्या दारात लाइल उभा होता. त्याच्या हातात गोड चहाचा जग होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. जग कुठे ठेवावा हे न सुचून त्याने तो जमिनीवरच ठेवला.

"विचारलं असेन तसं," तो म्हणाला. "माझ्या मनातच आलं नाही, की आवाज ऐकून कुणी..."

"आता विचारा," रमोना म्हणाली. "'ना' न लावता."

लाइलने खिशातून वही काढली. मग चष्मा चढवला.

"गॅरेट. आर्लिस टॅकेटनं आवाज दिला होता का?"

"हो, सर."

"तू ऐकलास?"

"ऐकला, सर."

लाइलने ते लिहून घेतलं, वेळ लिहिली, खाली गॅरेटची सही घेतली. मग वही न मिटता तो तिच्याकडे वळला.

"मी बदलीन ते वाक्य. वर पाठवावं लागेल, ह्याच्यावर काय येईल ते येईल, माझ्यावरही येईल. येऊ दे. पण पोरी, एक विचार कर. अहवाल सगळ्या राज्यात जातो. शिक्षक वर्गात वाचून दाखवतात. आर्लिस एकतीस वर्षं सांगत आला की बोला, म्हणजे वाचाल. आता तूच सांगणार की तो बोलला अन् म्हणून मेला? आत चौदा पोरं बसलीत. त्यांनी झाडाखाली बसल्यावर काय करायचं मग? गप्प राहायचं?"

रमोनाने हातातली पत्रिका उलगडली.

"मला कार्ड नको, मॅडम," गॅरेट म्हणाला. "मी पुन्हा बंदूक धरणार नाही. कोर्टाला सांगतो मी नापास झालो."

"अठ्ठावीसला पास आहे. तुझे चौतीस आहेत." तिने पत्रिका त्याच्या सँडविचशेजारी ठेवली. "हा एक न सोडवतासुद्धा माणूस पास होतो, गॅरेट. मला चीड येतेय ती त्याची. तुझ्या कार्डाचं तू काय करायचं ते कर."

*

मुलं परत येऊन बसेपर्यंत ती टेबलाशी छत्तिसावं पान उघडून बसली. हे पान ती बाविसाव्या वर्षापासून वाचत आली होती. आज तिने ते बोट ठेवून, एकेक ओळ करत वाचलं. रुंद बुंध्याला टेकून बसा. लाल घालू नका. पांढरा घालू नका. निळा घालू नका. दुसरा शिकारी दिसला की हलू नका. हात हलवू नका. टर्कीचा आवाज काढू नका. स्पष्ट आवाजात बोला. तिने पुन्हा वरपासून मोजलं. आठ नियम होते, आणि आठही झाडाखाली बसलेल्या माणसासाठी होते. त्याने मरू नये म्हणून काय काय करावं ते सगळं त्यालाच सांगितलं होतं. डॅडींनी आठही पाळले होते.

ज्याच्या हातातली बंदूक त्याच्याकडे वळते, त्याच्यासाठी त्या पानावर एक ओळही नव्हती.

सह्या केलेली कार्डं समोर रचलेली होती. मुलांची नजर त्यांच्यावर होती. वेस्टनने तर हातसुद्धा पुढे केला होता.

"कार्डं नंतर," रमोना म्हणाली. "आधी छत्तिसावं पान काढा. खाली, आकृतीशेजारी मोकळी जागा आहे. पेन आहे का सगळ्यांजवळ? पेन्सिल नको."

"झाली ना परीक्षा?" वेस्टन कुरकुरला.

"परीक्षेचं नाही हे. पुस्तकात राहून गेलंय. लिहा. नऊ." ती फळ्यापाशी गेली आणि बोलता बोलता लिहू लागली. "'माणसाचा आवाज ऐकू आला, की बंदूक खाली. आवाज कुठूनही येवो. कुणीही बोलो. कशासाठीही बोलो. पक्षी उडाला तर उडू द्यावा.'"

पेनं कागदावर करकरत राहिली. लाइल दाराशी टोपी हातात घेऊन उभा होता. शेवटच्या रांगेत गॅरेटने पुस्तक मांडीवर उघडलं होतं, पण तो लिहीत नव्हता.

डेलानीने लिहून संपवलं, पेनाचं टोपण लावलं, ओळ पुन्हा वाचली आणि हात वर केला.

"बोल."

"मिस रमोना, हे कशाला लिहायला हवं?" ती खरोखरच बुचकळ्यात पडली होती. "माणूस बोललेला ऐकल्यावर कोण गोळी मारेल?"

दोघांतिघांनी मान डोलावली. कुणीतरी हसलंही. रमोनाने खडू फळ्याच्या कडेला ठेवला, हाताची पूड झटकली आणि ती काही न बोलता तिथेच उभी राहिली. तिने मागच्या रांगेकडे पाहिलं नाही. तिला घाई नव्हती.

शेवटच्या रांगेत एक बुटकी खुर्ची फरशीवर घासत मागे सरकली.